पार्श्वभूमी : राहतो म्हणाले, आणि तीन वर्षांनी गेले

६ जुलै २००० रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या विद्यापीठाच्या गावी फुटबॉलच्या मैदानात हजारो माणसं येऊन बसली होती. सामना नव्हता. कॉलेजला उन्हाळ्याची सुटी होती. सगळ्यांचे डोळे मोठ्या पडद्याकडे लागले होते, कारण कॅन्सस विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक रॉय विल्यम्स आतल्या एका खोलीत पत्रकारांसमोर येणार होते. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठानं त्यांना बोलावलं होतं आणि जवळजवळ आठवडाभर गावाला दुसरा विषय नव्हता. विल्यम्स आले, ‘मी राहतोय’ म्हणाले आणि मैदानात एकच जल्लोष उसळला.

एका शिक्षकाची बदली होणार नाही म्हणून मैदान भरावं, हे आपल्याकडच्या वाचकाला विचित्र वाटेल. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याला खेळाडूंच्या मित्रांपलीकडे फारसं कुणी नसतं. अमेरिकेत बास्केटबॉलच्या वरच्या विभागात विद्यापीठांचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत. यातल्या कितीतरी गावांत व्यावसायिक संघ नाही. विद्यापीठाचा संघ हाच गावाचा संघ. बऱ्याच राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सर्वांत वरचं नाव राज्यपालाचं नसतं, सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षकाचं असतं. आणि या साडेतीनशेंत उच्चनीच आहे. केंटकी, नॉर्थ कॅरोलिना, कॅन्सस, ड्यूक, यूसीएलए (लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) ही घराणी. बाकीच्यांनी एखाद्या मार्चमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या महिन्यात, चमत्कार करावा आणि एप्रिलमध्ये आपला प्रशिक्षक मोठ्या घराण्याकडे जाताना पाहावा, असा हा रिवाज.

तो पहिल्यापासून असा नव्हता. १९४८ मध्ये प्रशिक्षक जॉन वुडन इंडियानातल्या एका शिक्षक महाविद्यालयात होते आणि त्यांच्यासमोर दोन जागा होत्या, मिनेसोटा आणि यूसीएलए. त्यांचं मन मिनेसोटाकडे होतं. ठरलेल्या संध्याकाळी मिनेसोटाचा फोन यायचा होता, पण हिमवादळानं तारा तुटल्या. फोन आला नाही, तेव्हा नकार समजून त्यांनी यूसीएलएला होकार देऊन टाकला. मिनेसोटाचा फोन नंतर आला. वुडन दिलेल्या शब्दाला जागले. तेव्हा यूसीएलए हे घराणं नव्हतंच. संघ एका जुन्या व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर खेळे. दोन वर्षांनी पर्ड्यू या त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठानं बोलावलं, जावंसंही वाटलं, पण करार तीन वर्षांचा होता. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं ते थेट सोळाव्या हंगामात, १९६४ मध्ये. १९७५ पर्यंत दहा झाली, आणि शेवटच्या वर्षीही त्यांचा पगार ३५ हजार डॉलरच्या आतच होता. सोळा वर्षं वाट पाहण्याची मुभा आज कुठलंही विद्यापीठ कुणाला देणार नाही. घराणं उभं राहायला इतका काळ लागतो, हे मात्र त्या सोळा वर्षांतच दिसतं.

१९७९ मध्ये ईएसपीएन ही खेळांची वाहिनी सुरू झाली, १९८५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ आले आणि मार्च महिना या खेळाचा झाला. स्पर्धेतल्या प्रत्येक सामन्याचा वाटा संघाच्या कॉन्फरन्सला, म्हणजे तो ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतो त्या गटाला, मिळतो आणि पुढची सहा वर्षं मिळत राहतो. २०१० मध्ये या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क १४ वर्षांसाठी १० अब्ज ८० कोटी डॉलरना गेले. हा पैसा खेळाडूंना द्यायला मनाई होती. मग तो वाहत गेला तो स्टेडियम, सरावगृहं आणि प्रशिक्षकांच्या करारांकडे.

याच काळात रॉय विल्यम्स घडले. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागातलं, हलाखीचं घर. विद्यापीठात शिकून ते शाळेत प्रशिक्षक झाले आणि १९७८ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या हाताखाली तुटपुंज्या पगारावर लागले. घर चालवायला संघाची कॅलेंडरं विकायची, सामन्यांच्या टेप गाडीनं गावोगावच्या टीव्ही केंद्रांवर पोचवायच्या. दहा वर्षं हे चाललं. १९८८ मध्ये कॅन्ससची जागा रिकामी झाली, तेव्हा कॉलेजात कधीही मुख्य प्रशिक्षक न झालेल्या या माणसासाठी स्मिथ यांनी शब्द टाकला. स्मिथ स्वतः मूळचे कॅन्ससचे. तिथं ते फॉग ॲलन यांच्या संघात होते, आणि ॲलन हे बास्केटबॉलचा शोध लावणाऱ्या जेम्स नेस्मिथ यांचे विद्यार्थी. गायकीच्या घराण्यात तालीम सांगतात तशी ही परंपरा आहे, आणि विल्यम्स यांचा पेच तिच्याशिवाय समजत नाही. नॉर्थ कॅरोलिनाचं बोलावणं हे नुसतं मोठ्या पगाराचं बोलावणं नव्हतं. गुरूनं घरी बोलावलं होतं.

तरीही २००० मध्ये ते राहिले. खेळाडूंना शब्द दिला होता, हे त्यांचं मुख्य कारण. निक कॉलिसन आणि कर्क हाइनरिक ही दोन पोरं तेव्हा नुकतंच पहिलं वर्ष संपवून बसली होती. यापुढे आपली अशी पत्रकार परिषद होईल ती निवृत्तीची किंवा मरणाची, असंही विल्यम्स म्हणून गेले. हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं असं मला वाटतं. निर्णय प्रामाणिक होता. पण उमाळ्याच्या भरात माणूस स्वतःच्या नावानं जो कायमचा कागद लिहून देतो, तो पुढे त्यालाच जाचतो.

नॉर्थ कॅरोलिनानं मग विल्यम्स यांचेच जुने सहायक मॅट डोहर्टी यांना आणलं. दुसऱ्या वर्षी संघानं ८ सामने जिंकले आणि २० हरले. एप्रिल २००३ मध्ये डोहर्टी गेले, आणि त्याच आठवड्यात कॅन्सस अंतिम फेरीत होतं. कॉलिसन, हाइनरिक आता शेवटच्या वर्षाला. न्यू ऑर्लीन्सला सिराक्यूजविरुद्ध ७८-८१ अशी हार झाली. ३० फ्री थ्रोपैकी (फाउलनंतर मिळणारे मोकळे फेके) १२ च पडले होते. यातले चार आणखी पडते तर विजेतेपद होतं. डोळ्यांत पाणी असताना टीव्हीच्या वार्ताहर बाईंनी नॉर्थ कॅरोलिनाबद्दल विचारलं आणि विल्यम्स थेट प्रक्षेपणात भडकले. आठवड्याभरात ते चॅपल हिलला, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या गावी, गेले.

लॉरेन्समध्ये संताप झाला आणि तो मला समजतो. पण तारखा पाहा. ज्या पोरांसाठी राहिले त्यांची चारही वर्षं पूर्ण झाल्यावरच ते निघाले. गावाला दिलेलं वाक्य मोडलं, पोरांना दिलेला शब्द मोडला नाही.

पुढची हालचाल तर पाहण्यासारखी आहे. कॅन्ससची रिकामी जागा भरायला इलिनॉयहून बिल सेल्फ आले. इलिनॉयला सदर्न इलिनॉयहून ब्रूस वेबर आले. दोन वर्षांनी, २००५ च्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले नॉर्थ कॅरोलिना आणि इलिनॉय. विल्यम्स यांच्या संघातले शॉन मे, रेमंड फेल्टन डोहर्टींनी निवडलेले. वेबर यांच्या संघातले डेरॉन विल्यम्स, डी ब्राउन सेल्फनी आणलेले. दोन्ही बाकांवर दुसऱ्यानं जमवलेली पोरं. विल्यम्स ७५-७० नं जिंकले. २००८ मध्ये सेल्फ यांच्या कॅन्ससनं उपांत्य फेरीत त्यांना ८४-६६ असं हरवलं, आणि दोन रात्रींनी अंतिम सामन्याला हा माणूस छातीवर कॅन्ससचं चिकटचित्र लावून प्रेक्षकांत बसला. नॉर्थ कॅरोलिनातल्या काहींना ते खटकलं. मला ते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतलं सर्वांत खरं दृश्य वाटतं.

सगळ्यांना निघायला तीन वर्षं लागत नाहीत, आणि काही जण उंबऱ्यावरून परततात. १९९३ मध्ये बॉबी क्रेमिन्स जॉर्जिया टेक सोडून स्वतःच्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात गेले आणि तीन दिवसांत परत आले. २००७ मध्ये डेना ऑल्टमन आर्कान्सामध्ये एक दिवस टिकले आणि क्रेटनला माघारी आले. त्याच वर्षी फ्लोरिडाला लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवून देणारे बिली डोनोव्हन यांनी एनबीए या व्यावसायिक लीगच्या ऑर्लँडो संघाशी करार केला आणि आठवड्याभरात तो सोडवून घेतला. बदल्यात पाच वर्षं एनबीएकडे न जाण्याचं कबूल केलं. या माघारींची त्या वेळी टिंगल झाली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. सही करेपर्यंत जागा कागदावर असते. घर आवरायला घेतलं की कळतं काय सोडतोय.

आता स्पोकेन. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाच्या या शहरात गोन्झागा नावाचं छोटं जेझुइट विद्यापीठ आहे. १९९९ च्या मार्चमध्ये डॅन मॉन्सन यांच्या गोन्झागानं पहिल्याच सामन्यात मिनेसोटाला हरवलं. मिनेसोटात खेळाडूंचे अभ्यास दुसऱ्यानं लिहून दिल्याचं प्रकरण आदल्याच दिवशी फुटलं होतं आणि काही खेळाडू बाहेर बसले होते. गोन्झागा शेवटच्या आठांत पोचलं. त्याच उन्हाळ्यात मिनेसोटानं कुणाला बोलावलं? मॉन्सनना. मोठी कॉन्फरन्स, मोठा पगार; नाही म्हणणं अवघड होतं. पण शिष्यवृत्त्या कापल्या गेल्या, निर्बंध आले, दुसऱ्याच्या पापाची भरपाई त्यांनी केली. सात पूर्ण हंगामांत राष्ट्रीय स्पर्धेचं दार एकदाच उघडलं आणि २००६ मध्ये ते बाहेर पडले.

गोन्झागात त्यांच्या जागी सहायक मार्क फ्यू बसले. ओरेगॉनमधल्या क्रेसवेलच्या एका पाद्र्याचा मुलगा, नदीवर मासे धरण्यात रमणारा. तेव्हापासून दर वसंतात मोठ्या जागांच्या यादीत फ्यू यांचं नाव येत राहिलं आणि ते राहत गेले. मासेमारी, कुटुंब, शांत गाव, हे सगळं खरंच. पण राहण्याचं श्रेय केवळ त्यांच्या स्वभावाला देणं अर्धवट ठरेल. विद्यापीठानंही आपली बाजू सांभाळली. २००४ मध्ये ६ हजार आसनांचं नवं स्टेडियम उभं केलं. संघ दरवर्षी राष्ट्रीय स्पर्धेत जात राहिला, २०१७ आणि २०२१ मध्ये अंतिम फेरीत हरला, आणि मोठ्या घराण्यांकडे जे मिळतं ते बहुतेक स्पोकेनलाच मिळू लागलं. राहा म्हणणाऱ्यानं राहण्याजोगं काही उभं केलं नाही, तर निष्ठेची अपेक्षा एकतर्फी होते.

बटलर विद्यापीठाचे प्रशिक्षक ब्रॅड स्टीव्हन्सही असेच राहिले होते. २०१० च्या अंतिम सामन्यात ड्यूकविरुद्ध ५९-६१, शेवटच्या क्षणी अर्ध्या कोर्टावरून गॉर्डन हेवर्डनं टाकलेला चेंडू रिंगला लागून बाहेर. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा हार. कॉलेजांच्या मागण्या त्यांनी परतवल्या, २०१३ मध्ये गेले ते थेट एनबीएच्या बोस्टन सेल्टिक्सकडे. चढायला कॉलेजची पायरीच नको होती.

या सगळ्या इतिहासात खेळाडू कुठे होते? कॉलेजमध्ये येताना मुलगा जे पत्र सही करून देई, त्यात स्पष्ट असे की करार विद्यापीठाशी आहे, प्रशिक्षकाशी नाही. प्रशिक्षक रातोरात निघू शके. मुलानं कॉलेज बदललं तर मात्र एक वर्ष बाकावर. ज्याच्या शब्दावर आईबापांनी पोर पाठवलं तो मोकळा आणि पोर बांधलेलं, हा अन्याय दशकानुदशकं नियमाच्या पुस्तकात छापलेला होता. प्रशिक्षकांच्या निष्ठेवर इतकं लिहिलं गेलं, या ओळीवर त्या मानानं फार कमी.

२०२१ मध्ये तो नियम मोडला. एकदा बदली करायला वर्षभर थांबायची अट गेली, आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची परवानगी मिळाली. २०२४ पासून कितीही वेळा जाता येतं. २०२५ पासून विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देतात, पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्यामुळे प्रशिक्षक आता जागा निवडताना पगाराआधी विचारतो, संघासाठी किती आहेत. छोट्या कॉलेजात राहणं आणखी कठीण झालंय, कारण चांगला हंगाम झाला की प्रशिक्षकाबरोबर पाचही पोरं जाऊ शकतात. फ्लोरिडा अटलांटिकचे डस्टी मे २०२३ मध्ये शेवटच्या चारांत पोचूनही राहिले, बहुतेक संघ राहिला. पुढच्या वर्षी ते मिशिगनला गेले आणि त्यांचा उंच सेंटर व्लाड गोल्डिनही मागोमाग गेला.

त्याच २०२४ च्या एप्रिलमध्ये जॉन कॅलिपारी केंटकी सोडून आर्कान्साला गेले. ज्या खुर्चीसाठी एकेकाळी कुणीही धावत आला असता, तिला बेलरच्या स्कॉट ड्रू यांनी नकार दिला. जूनमध्ये कनेक्टिकटच्या डॅन हर्ली यांनी एनबीएच्या लॉस एंजेलिस लेकर्सनाही नाही म्हटलं. केंटकीनं अखेर १९९६ च्या आपल्या विजेत्या संघाचा कर्णधार, ब्रिगम यंग विद्यापीठाचा प्रशिक्षक मार्क पोप याला आणलं. त्याच्या स्वागताला केंटकीचं रप अरीना हे स्टेडियम खचाखच भरलं, लॉरेन्सच्या त्या मैदानाहूनही मोठी गर्दी. आधीच्या हंगामातला शिष्यवृत्तीवरचा एकही खेळाडू पोपच्या पहिल्या संघात उरला नाही.