अडीचशे किलोमीटर उंचीवरचा उभा वारा

‘अडीचशे किलोमीटर उंचीवर हवाच नसते, मग वारा कुठला?’ हा समज बराच जुना आहे. त्या उंचीवर हवा अतिविरळ असली तरी ती असते. तिच्याहूनही वर, सुमारे 400 किलोमीटरवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला तिचा विरोध जाणवतो.

रात्री तेथील ऑक्सिजनचे अणू 630 नॅनोमीटर तरंगलांबीचा अत्यंत मंद लाल प्रकाश सोडतात, आणि फॅब्री-पेरो व्यतिकरणमापक (प्रकाशाची तरंगलांबी अतिशय बारकाईने मोजणारे उपकरण) थेट डोक्यावर रोखल्यास त्या प्रकाशाच्या डॉप्लर सरकण्यावरून, म्हणजे हवेच्या हालचालीमुळे तरंगलांबीत पडणाऱ्या फरकावरून, हवा वर चढते आहे की खाली उतरते आहे, हे कळते. सेकंदाला 10 मीटर वेगासाठी हे सरकणे जेमतेम 0.00002 नॅनोमीटर असते! त्यातच हे सरकणे जिच्यापासून मोजायचे ती स्थिर हवेतील तरंगलांबीची खूण मिळणे अवघड असल्याने पुष्कळदा रात्रभराच्या उभ्या वाऱ्याची सरासरी शून्य मानली जाते. ‘उभा वारा नसतोच’ हा दुसरा गैरसमज बहुधा या सोयीच्या गृहीतकातूनच बळावला असावा. प्रत्यक्षात ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात सेकंदाला 100 मीटरहून अधिक वेग नोंदले गेले आहेत. मात्र धुरकट आकाशात इतर दिशांचा प्रकाश विखरून दुर्बिणीत शिरतो आणि आडवा वाराही उभा भासतो, म्हणून अशा रात्रीच्या नोंदी तपासूनच घ्याव्या लागतात.