इंग्रजीतील घोटाळ्याची शब्दयोगी अव्यये आणि क्रियारूपे

इंग्रजी शिकताना एकमेकांच्या जागी हमखास वापरले जाणारे लहान शब्द आणि क्रियापदांची रूपे. 'इन', 'ऑन', 'सिन्स', 'बाय' अशा शब्दांना इंग्रजीत प्रिपोझिशन म्हणतात. मराठीत तेच काम विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मिळून करतात. ती नामाच्या मागे चिकटतात, इंग्रजी शब्द नामाच्या आधी सुटा येतो. पण या फरकाने सहसा कोणी चुकत नाही. चूक होते ती वाटणीत. मराठीचे एकच अव्यय जिथे भागवते, तिथे इंग्रजीत दोन-तीन शब्द आपापली हद्द राखून असतात.

'पासून' हे त्याचे ठळक उदाहरण. 'मी २०१९ पासून इथे राहतो' आणि 'मी ५ वर्षांपासून इथे राहतो' ही दोन्ही वाक्ये मराठीत बिनतक्रार चालतात. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', लोटलेला काळ मोजायचा तर 'फॉर'. त्यामुळे 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' या वाक्यात एक नव्हे, दोन चुका आहेत. 'सिन्स'च्या जागी 'फॉर' हवे, आणि 'ॲम लिव्हिंग' हा चालू वर्तमानकाळ तिथे पुरत नाही. 'आय हॅव लिव्ह्ड' किंवा 'आय हॅव बीन लिव्हिंग' लागते. दुसरी चूक बहुधा तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटते.

'पर्यंत'चा घोटाळा जास्त महागात पडतो. 'शुक्रवारपर्यंत पाठव' म्हणजे 'बाय फ्रायडे', 'शुक्रवारपर्यंत थांब' म्हणजे 'टिल फ्रायडे'. 'सेंड इट टिल फ्रायडे' असे लिहिले, तर शुक्रवार उजाडेपर्यंत पाठवतच राहा, असा अर्थ निघतो. 'ने' प्रत्ययाचेही दोन वाटे होतात: करणाऱ्यासाठी 'बाय', साधनासाठी 'विथ'. 'बिटवीन' दोघांत आणि 'अमंग' अनेकांत, हा पाठ्यपुस्तकी नियम मात्र अर्धाच खरा आहे. तीन देशांमधला करारही 'बिटवीन'च असतो, कारण तिथे प्रत्येक पक्ष स्वतंत्रपणे मोजलेला असतो.

काही ठिकाणी मराठीतले अव्यय इंग्रजीत मुळी लागतच नाही. 'विषयी चर्चा'मुळे 'डिस्कस अबाउट' होते, 'तिच्याशी लग्न केले'मुळे 'मॅरीड विथ हर'. बरोबर रूपे 'डिस्कस इट' आणि 'मॅरीड हर'.

क्रियापदांत सर्वांत कुप्रसिद्ध जोडी 'लाय' आणि 'ले' ही. इथे दोष मराठीचा नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही इथे अडखळतात. 'लाय' म्हणजे स्वतः आडवे होणे, 'ले' म्हणजे दुसरे काही ठेवणे. पण 'लाय'चा भूतकाळ नेमका 'ले' होतो आणि 'ले'चा 'लेड'. म्हणून 'ही ले ऑन द बेड' म्हणजे तो पलंगावर पडला, 'ही लेड द बुक ऑन द बेड' म्हणजे त्याने पुस्तक पलंगावर ठेवले. खोटे बोलणारा 'लाय' तिसराच, त्याचे भूतकाळी रूप 'लाइड'.

या जोडीमागची युक्ती मराठी माणसाला परकी नाही. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे यांत जसा स्वर बदलून अकर्मकाचे सकर्मक होते, तशीच 'सिट-सेट' आणि 'फॉल-फेल' ही जुन्या जर्मानिक, म्हणजे इंग्रजीच्या भाषाकुळातल्या, घडणीची अवशेषरूपे आहेत. झाड स्वतः पडले तर 'फॉल', तोडून पाडले तर 'फेल'. मात्र 'फॉल'चा भूतकाळ 'फेल'च असल्याने गाठ पुन्हा बसते. 'राइज-रेझ' त्यामानाने सरळ: सूर्य 'राइज' होतो, हात 'रेझ' करतात.

'मी तो सिनेमा काल पाहिला आहे' हे मराठीत खटकत नाही, पण 'हॅव सीन'च्या सोबतीला इंग्रजी 'येस्टरडे' येऊ देत नाही. तिथे 'सॉ' हवे. पत्राच्या शेवटी येणाऱ्या 'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' क्रियापदाचा भाग नसून प्रिपोझिशन आहे, म्हणून पुढे 'मीट' नव्हे, 'मीटिंग'.