चित्रकाच, चर्चवास्तूंतील : जतन

रंगीत व चित्रांकित काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत गुंफून केलेल्या जुन्या खिडक्यांची पाहणी, नोंदणी, स्वच्छता व दुरुस्ती या क्रियांचा जतनात समावेश होतो. मूळ द्रव्याला कमीत कमी हात लावणे व केलेले काम पुढे उलटवता येईल असे ठेवणे, ही त्याची मान्य तत्त्वे होत. पश्चिम भारतातील ब्रिटिशकालीन चर्चसाठी अशी काच बहुधा इंग्लंडमधील कार्यशाळांतून येई. मुंबईतील कुलाबा येथील अफगाण चर्चच्या (१८५८) खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या आहेत.

नाशिक येथे चर्च मिशनरी सोसायटीचे कार्य १८३२ च्या सुमारास सुरू झाले व शरणपूरची ख्रिस्ती वसाहत १८५० नंतरच्या दशकात उभी राहिली. पुढे देवळालीची लष्करी छावणी व इगतपुरीचे रेल्वेकेंद्र यांमुळे परिसरातील चर्चवास्तूंत भर पडली. नाशिकचा अँग्लिकन धर्मप्रांत १९२९ मध्ये स्थापन झाला. १९७० मध्ये त्याचा अंतर्भाव चर्च ऑफ नॉर्थ इंडियात झाला. ज्या चर्चमध्ये आजही उपासना चालते, तेथे जतनाचे काम उपासनेच्या वेळा सांभाळून, टप्प्याटप्प्याने करावे लागते.

खिडकीच्या ऱ्हासात काचेपेक्षा तिच्या आधाराचा वाटा बहुधा मोठा असतो. शिसे तापमानानुसार काचेच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते. नाशिकसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि हिवाळ्यातील पहाटे ते पाच-सहा अंशांपर्यंतही उतरते. तेथे वर्षानुवर्षांच्या या आकुंचन-प्रसरणाने पट्ट्या थकतात, डाखाचे सांधे तडकतात व तावदान फुगीर होते. काच शतकानुशतके ‘वाहते’, म्हणून खिडकी फुगते, हा लोकप्रिय समज निराधार आहे. तावदानाला आधार देणारे लोखंडी आडवे गज गंजले की गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या कित्येक पट होऊन दगडी चौकट व काच दोन्ही फुटतात. काळ्या दगडाच्या भिंतीत तावदानाभोवतीच्या दर्जा (सांध्यांच्या फटी) मुळात चुन्याच्या असतात. पुढे त्या सिमेंटने भरल्यास पाणी आत अडकते आणि काच न फोडता तावदान काढणे जवळजवळ अशक्य होते. नाशिक शहरात वार्षिक पाऊस सुमारे ७०० मिमी., तर इगतपुरीत तो ३,००० मिमी.च्या पुढे जातो. त्यामुळे एकाच जिल्ह्यात दुरुस्तीचा एकच नियम लावता येत नाही.

काचेवरील रेखाटन व छायांकन नाहीसे होणे हा अधिक वादाचा प्रश्न आहे. लोह किंवा तांब्याची ऑक्साइडे व काचेची भुकटी यांचा लेप काचेवर देऊन तो सुमारे ६०० ते ६८० अंश तापमानाला भाजतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, विशेषतः १८७० च्या आसपासच्या इंग्रजी खिडक्यांत चेहरे व वस्त्रांच्या घड्या विरळ झालेल्या आढळतात. लेप कमी तापमानाला वितळावा म्हणून त्यात मिसळलेला टाकणखार (बोरॅक्स) पाण्यात विरघळतो, त्यामुळे हे घडले असे एक मत आहे. भट्टी पुरेशी तापली नसावी असे दुसरे. काही अभ्यासक काचेच्या आतील बाजूस साचणाऱ्या दवाला मुख्य दोष देतात. ही कारणे परस्परविरोधी नाहीत. कच्चा लेप असला तरी दवावाचून तो इतक्या वेगाने झिजला नसता असे दिसते, आणि जतनाच्या दृष्टीने दवाचे कारण महत्त्वाचे ठरते, कारण तेवढेच आज आटोक्यात आणता येते. युरोपात सुमारे १३०० पासून वापरात असलेला, चांदीच्या क्षारांपासून मिळणारा पिवळा रंग काचेतच शिरत असल्याने बाजूचे रेखाटन गेले तरी बहुधा टिकतो.

दुरुस्तीपूर्वी प्रत्येक तावदानाचे प्रकाशचित्र व शिशाच्या जाळीचा ठसा घेतात. लेप पक्का असल्याची खात्री झाल्यावरच शुद्ध पाण्याने भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने काच पुसतात; आम्ल व घरगुती काचपुसणी वर्ज्य मानतात. तडे गेलेली काच बदलण्याऐवजी एपॉक्सी राळेने किंवा तांब्याच्या पातळ पट्टीने जोडतात. सर्व शिसे बदलणे हा अखेरचा उपाय होय. सैल तावदानात जवसाचे तेल व खडूची भुकटी यांचे लुकण भरल्यानेही बराच काळ निभावते. शिशाच्या धुळीपासून कारागिरांचे रक्षण करावे लागते.

बाहेरून दुसरी साधी काच लावण्याची पद्धत इंग्लंडमधील यॉर्क मिन्स्टर येथे १८६१ पासून ज्ञात आहे. कॉर्पस व्हिट्रिअरम या चित्रकाचेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा संरक्षक काचेला महत्त्व आहे, मात्र दोन काचांमधून हवा खेळती हवी. हवाबंद बसवलेला प्लॅस्टिकचा पत्रा उन्हाळ्यात उष्णता व पावसाळ्यात ओल कोंडतो; त्यापेक्षा नुसती तांब्याची किंवा न गंजणाऱ्या पोलादाची जाळी श्रेयस्कर.