सेकंड हँड लेक्सस किंवा कॅमरी हायब्रिड घेतलीये? मग हे वाचून घ्या

नमस्कार. आमचं पुण्यातलं छोटं वर्कशॉप, काम फक्त हायब्रिड गाड्यांचं, आणि त्यातही जास्त करून लेक्सस ईएस ३००एच आणि टोयोटा कॅमरी हायब्रिड. काउंटरवर रोज तेच तेच प्रश्न येतात, की बॅटरी किती टिकेल, रिमॅप होतो का (म्हणजे कॉम्प्युटरची सेटिंग बदलून इंजिनची ताकद वाढवणं), लोअरिंग करून गाडीची उंची कमी कराल का, सीएनजी बसेल का. प्रत्येकाशी निवांत बोलायला वेळ मिळतोच असं नाही म्हणून हे पत्रक लिहिलंय, घरी नेऊन सावकाश वाचा, आणि गाडी अजून घेतली नसेल तर टोकन द्यायच्या आधी वाचा.

लेक्सस भारतात आली २०१७ च्या मार्चमध्ये, ईएस तेव्हा एक्स शोरूमच पंचावन्न लाखांच्या वर होती. २०१८ मध्ये नवीन बॉडीची ईएस आली आणि २०२० पासून ती बंगळुरूजवळ टोयोटाच्या बिडदीच्या कारखान्यातच असेंबल व्हायला लागली. कॅमरी हायब्रिड त्याच्याही आधीपासून, २०१३ पासून तिथेच बनतेय. आता यातल्या बऱ्याच गाड्या पहिल्या मालकाकडून सुटून बाजारात आल्यात, भाव बघून माणूस हरखून जातो आणि त्यात गैर काही नाही, गाडी खरंच सुंदर आहे. फक्त एक लक्षात ठेवा, गाडी निम्म्या किमतीत मिळाली म्हणून तिचा हेडलाईट निम्म्या किमतीत मिळत नाही. म्हणून आमचं सगळ्यांना एकच सांगणं असतं की पहिल्या वर्षाचं बजेट गाडीच्या तब्येतीवर घालवा, हौस त्यानंतर, आणि हौस करायची तर गाडीच्या थंडाव्याला, हाय व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना आणि आरसी बुकला हात न लावता.

गाडी चालते कशी, थोडक्यात

अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन, अ‍ॅटकिन्सन सायकलवर चालणारं, म्हणजे ताकदीपेक्षा कमी पेट्रोल पिण्यासाठी बनवलेलं. त्याला जोडून दोन मोटर-जनरेटर आणि मध्ये प्लॅनेटरी गिअर. यात क्लच नाही, सीव्हीटीचा बेल्ट नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, त्यामुळे खराब होणाऱ्या अर्ध्या गोष्टी मुळात गाडीत नाहीतच. पण गिअरबॉक्सला ऑइल आहे, ते बदलावं लागतं, आणि इन्व्हर्टरला (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी करून देणारा डबा) इंजिनपासून वेगळं कूलंट आणि वेगळा पंप आहे जो बाहेरचे बरेच मेकॅनिक बघतच नाहीत. इन्व्हर्टर व्होल्टेज वाढवून ६५० व्होल्टपर्यंत नेतो. बॉनेटखालच्या नारिंगी वायरी त्याच्याच, तिथे अ‍ॅक्सेसरीवाल्याच्या पोराला हात घालू देऊ नका. आम्ही स्वतः काम करताना सर्व्हिस प्लग (मोठी बॅटरी बाकी गाडीपासून तोडणारा) काढून, रबरी हातमोजे घालून, कमीत कमी दहा मिनिटं थांबतो, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. तुम्हाला वाटेल मेकॅनिक नुसता उभा आहे, पण ते थांबणं कामाचाच भाग आहे.

मोठी बॅटरी

सगळ्यात जास्त भीती हिचीच. निकेल मेटल हायड्राइड, ३४ मॉड्यूल (म्हणजे ओळीत जोडलेल्या छोट्या बॅटऱ्या), मिळून २४४.८ व्होल्ट. २०१७ च्या ईएसमध्ये ती मागच्या सीटच्या पाठीमागे डिकीच्या बाजूला, २०१८ च्या नवीन बॉडीपासून मागच्या सीटच्या खाली. ही बॅटरी शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत कधीच वापरली जात नाही, कॉम्प्युटर तिला मधल्या पट्ट्यातच ठेवतो, म्हणून ती इतकी वर्षं टिकते.

तिला मारते ती उष्णता. बॅटरी थंड ठेवायला एक पंखा असतो आणि तो हवा बाहेरून घेत नाही, केबिनमधून घेतो, मागच्या सीटजवळ जाळी असते तिथून. आता होतं काय की गाडी घेतल्या घेतल्या माणूस सीट कव्हर आणि जाड मॅट टाकायला जातो, कव्हरवाला ती जाळी कव्हरच्या आत दाबून टाकतो, फिनिशिंग एक नंबर दिसतं आणि बॅटरीचा श्वास कोंडतो. किंवा मागे कुत्रं बसतं, त्याचे केस जाळीतून आत फिल्टरवर चिकटतात. आम्ही फिल्टर काढून दाखवतो तेव्हा लोक बघतच राहतात, राखाडी गादी असावी तसा थर असतो, त्यातून बोटही आत जात नाही. फिल्टर साफ करणं हे तासाभराचं काम आहे आणि बॅटरी बदलायला लाखांत खर्च येतो, तेव्हा दर सर्व्हिसला साफ करून घ्याच. आणि एप्रिल-मे महिन्यात एसी बंद ठेवून पेट्रोल वाचवू नका, केबिन तापली की बॅटरीलाही तीच तापलेली हवा मिळते.

बॅटरीची तब्येत बघायची असेल तर डॅशबोर्डवरच्या काड्या बघून काहीच कळत नाही. आम्ही स्कॅनर लावून १७ ब्लॉकचे व्होल्टेज वेगवेगळे बघतो, दोन-दोन मॉड्यूलचा एक ब्लॉक, आणि तेही गाडी उभी असताना नाही तर जुन्या कात्रज घाटात चढावर लोड देऊन आणि उतारावर चार्ज होताना. सगळे ब्लॉक एकमेकांच्या जवळपास वर-खाली होत असतील तर छान. एखादाच ब्लॉक चढावर बाकीच्यांपेक्षा व्होल्टभर खाली जातोय आणि उतारावर सगळ्यात आधी वर उडी मारतोय म्हणजे तो थकलाय. अशा वेळी एक मॉड्यूल बदलून गाडी विकणारे भरपूर आहेत. एरर जातो, काही महिन्यांनी शेजारचं मॉड्यूल जातं, मग परत तेच, कारण नवीन आणि जुनी मॉड्यूल एका ओळीत नीट नांदत नाहीत. आम्ही ते काम घेत नाही. पूर्ण पॅक बदलायचा की अजून थांबायचं हे रीडिंग समोर ठेवून बोलू. आणि त्याआधी चेसिस नंबर देऊन शोरूममध्ये विचारा की बॅटरीची वॉरंटी शिल्लक आहे का, असेल तर आमच्याकडे यायचं कारणच नाही, थेट तिकडे जा.

एसीचा गॅस भरताना

हे आम्हाला कळकळीने सांगायचंय कारण यात चांगल्या चालत्या गाड्या आडव्या झालेल्या आम्ही बघितल्यात. या गाड्यांचा एसी कॉम्प्रेसर बेल्टवर चालत नाही, तो हाय व्होल्टेजवर चालतो, मोटर आतच असते आणि ऑइल त्या मोटरच्या वाइंडिंगमधून फिरतं. म्हणून त्याला वीज न वाहू देणारं खास ऑइल लागतं, एनडी-११. साध्या गाडीतलं पॅग ऑइल यात गेलं, अगदी दुसऱ्या गाडीला लावलेल्या मशीनच्या पाइपमधून थोडं आलं, तरी इन्सुलेशन उतरतं, कॉम्प्युटरला वाटतं की हाय व्होल्टेज बॉडीला लीक होतंय, आणि मग ‘चेक हायब्रिड सिस्टीम’ असा मेसेज येऊन गाडी रेडी होणंच (डॅशबोर्डवर ‘READY’ दिसून चालायला तयार होणं) बंद होतं. गिऱ्हाईक म्हणतं बॅटरी गेली. बॅटरी ठणठणीत असते, चारशे रुपये वाचवायला कोपऱ्यावर गॅस भरलेला असतो. तेव्हा गॅस कमी वाटला तर आमच्याकडे नाही तर शोरूमला जा, पण ज्याच्याकडे हायब्रिडसाठी वेगळं मशीन नाही त्याच्याकडे नको, आणि लीक बंद करणारं केमिकल तर कोणाकडूनच नको.

छोटी बॅटरी, म्हणजे १२ व्होल्टवाली

गाडी बंद पडली म्हणून जे फोन येतात त्यात हिचाच नंबर पहिला. ही इंजिन फिरवत नाही, फक्त कॉम्प्युटर जागे करते, पण ती बसली की गाडी रेडीच होत नाही आणि माणूस घाबरतो. ती डिकीत असते त्यामुळे गॅस बाहेर काढायला नळी असलेली एजीएम (आत पातळ अ‍ॅसिड मोकळं नसलेली, सीलबंद) बॅटरीच लागते, साधी स्वस्त बॅटरी बसवू नका. जंप द्यायचा असेल तर बॉनेटखाली फ्यूज बॉक्समध्ये त्यासाठी टर्मिनल दिलंय. प्लस-मायनस उलटं लागलं तर नुकसान मोठं होतं म्हणून गडबड करू नका. आणि आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याच्या गाडीला जंप द्यायला जाऊ नका, शेजारी कितीही जवळचा असला तरी.

बरेच ग्राहक वर्षातले काही महिने अमेरिकेत किंवा दुबईत मुलांकडे असतात, गाडी पार्किंगमध्ये झाकलेली. त्यांच्यासाठी: घरातल्या कोणालातरी सांगून ठेवा की दोन आठवड्यांतून एकदा गाडी रेडी करायची, अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची किंवा एक चक्कर मारायची. नुसतं बटण दाबून लाइट लागले म्हणजे झालं असं नाही, रेडी दिसलं पाहिजे, नाहीतर चार्ज होण्याऐवजी उतरतेच. पावसाळ्यात बॉनेट उघडून उंदरांनी घर केलंय का तेही बघायला सांगा.

आता हौसेचं

आम्ही आनंदाने करून देतो ती कामं म्हणजे जुन्या स्क्रीनला कारप्लेचा इंटरफेस बॉक्स (२०१७ च्या ईएसला कारप्ले नव्हतंच, आणि बॉक्स मूळ सॉकेटला लागतो, वायर कापावी लागत नाही), डॅशकॅम, पीपीएफ (रंग जपणारी पारदर्शक फिल्म), दरवाज्यांना आवाज कमी करणारं डॅम्पिंग, चांगले शांत टायर. डॅशकॅमला पार्किंग मोड हवा असेल तर व्होल्टेज पडलं की आपोआप बंद होणारं हार्डवायर किटच लावतो, नाहीतर वरची १२ व्होल्टची गोष्ट सुरू होते. मोठा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा असेल तर आधी बोलू, कारण इथे अल्टरनेटर नाही, सगळा लोड मोठ्या बॅटरीची वीज १२ व्होल्टला उतरवणाऱ्या डीसी कन्व्हर्टरवर येतो.

आमच्या मते सगळ्यात चांगलं ‘मॉडिफिकेशन’ म्हणजे सस्पेन्शनचे थकलेले बुश, माउंट आणि शॉकअप ओरिजिनल बसवणं. पैसे लागतात, फोटोत दिसत नाही, पण लेक्ससची जी शांतता तुम्ही विकत घेतलीत ती परत मिळते.

रिमॅप करत नाही. इंजिन, दोन मोटर आणि बॅटरी यांचं गणित एकच कॉम्प्युटर सेकंदासेकंदाला जुळवतो, नुसतं इंजिन वाढवून हाती फारसं लागत नाही. बाजारात मिळणारा पेडल बॉक्स फक्त पेडलचा सिग्नल लवकर पाठवतो, ताकद तेवढीच, आणि ईएसमध्ये स्पोर्ट मोड आहेच. लोअरिंग करत नाही, आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर ही गाडी आहे त्या उंचीलाही तिरकी काढावी लागते. मोठी अलॉय घालून दिसायला भारी दिसेल पण अ‍ॅव्हरेज आणि आराम दोन्ही जाईल. सीएनजी तर अजिबात नाही, कृपया विचारू नका.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर असलेल्या कंपनीच्या तपशीलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि १८२-ए खाली मालकाला एकेका बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलणारा रॅप हवा असेल तर आधी आरटीओत नोंद. काचांना पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के प्रकाश आरपार गेलाच पाहिजे, गडद फिल्म आम्ही लावत नाही. जे काही लावाल ते इन्शुरन्स कंपनीला कळवा, वायर कापलेली दिसली की क्लेमला अडथळा येतो.

अजून घेतली नसेल तर

दिल्लीच्या गाड्या इकडे स्वस्त दिसतात. तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला टॅक्स आणि नवीन नंबर हे सगळं धरून हिशोब करा, मग ठरवा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लागलीये का बघा, ई-चलन बाकी आहेत का बघा, लोन होतं तर बँकेचं नाव आरसीवरून उतरलंय का बघा. आणि पाणी. २०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ ला चिपळूण, २०२४ च्या जुलैत आपल्या सिंहगड रोडला एकता नगरीत गाड्या पाण्यात गेल्या, अशा गाड्या धुवून पुसून कुठेतरी विकल्या जातातच. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, तळाच्या भागावर गाळाची रेघ दिसली तर परत फिरा. हायब्रिडमध्ये बॅटरी खालीच असते, तिच्या कनेक्टरवर एकदा हिरवट गंज चढला की तो पाठ सोडत नाही.

चालवताना

सिग्नलला एनमध्ये टाकू नका, इंजिन चालू असलं तरी एनमध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही, डीमध्ये ठेवून ब्रेक धरा, आणि ड्रायव्हर असेल तर त्यांनाही हे सांगा कारण जुनी सवय असते. बोरघाट उतरताना बॅटरी पूर्ण भरते आणि मग इंजिन अचानक मोठ्याने फिरायला लागतं, ती बिघाडाची खूण नाही, जास्तीची शक्ती गाडी अशी खर्च करते. ब्रेक पॅड खूप टिकतात म्हणून कोणी तपासतच नाही, पण कमी वापरामुळे डिस्कवर गंज येतो, मुंबई-कोकणातल्या गाड्यांना जास्तच. गाडी बंद पडली तर फ्लॅटबेडवरच न्यायची, पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरते आणि वीज तयार करत बसते.

तपासणीसाठी येताना आरसी, दोन्ही चाव्या आणि असतील तेवढी सर्व्हिसची बिलं आणा. डिकी रिकामी करून आणा. शक्यतो सकाळी लवकर या म्हणजे घाटात ट्रॅफिकच्या आधी लोड टेस्ट उरकते, आणि तुम्ही शेजारी बसलात तर अजून चांगलं, लॅपटॉपवर सतराही ब्लॉक तुम्हाला स्वतःला बघता येतील.