ते गाणं नील यंगचं नाही

‘अ हॉर्स विथ नो नेम’ हे गाणं कॅनडाचा गायक नील यंगने गायलंय, असं आजही ठामपणे सांगितलं जातं. ते गाणं ‘अमेरिका’ या बँडचं. लिहिलं आणि गायलं ड्यूई बनेलने. आवाजाची जात जुळते, हे खरं. पण मार्च १९७२ मध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत याच गाण्याने यंगच्या ‘हार्ट ऑफ गोल्ड’ला पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवलं होतं! बनेल, जेरी बेकली, डॅन पीक ही अमेरिकी हवाई दलातल्या कर्मचाऱ्यांची मुलं. बँड जमला लंडनमध्ये. धृपदात तिघांचे गळे कसे एकमेकांत मिसळतात, ते कान देऊन ऐका. ‘हॉर्स’ हे हेरॉइनचं बोलीतलं नाव, म्हणून गाण्यातला घोडा म्हणजे हेरॉइन, ही समजूतही बनेलने नाकारली. त्याच्या मनात लहानपणी पाहिलेलं वाळवंट होतं. पीक १९७७ मध्ये बाहेर पडला, उरलेले दोघे गात राहिले.