गिलावा गेला, मग मठही गेला

जुन्या गोव्यात मोंते सांतो टेकडी चढलं की समोर एक तांबडा, जाळीदार सुळका उभा ठाकतो. उंची 46 मीटर. ऑगस्टिनियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंच्या मठाचं हे चर्च 1597 ते 1602 या काळात बांधलं गेलं. युरोपातल्या बांधकामात रेनेसाँस शैली सरून बरोक शैली आकाराला येत होती तेव्हाचं. दर्शनी भिंतीच्या दोन बाजूंना जुळे मनोरे होते. आज उरलाय तो त्यांपैकी एकाचा निम्मा भाग.

भिंतीला हात लावला की तळव्याला तांबडी भुकटी लागते. हा आपला कोकणातला जांभा. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली आणि मागे राहिली लोह-अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं. खाणीत ओला असताना त्याचे चिरे सहज कापता येतात. हवेत उघडा पडला की कडक होतो. पण भोकं तशीच राहतात आणि पावसाळाभर पाणी पितात. म्हणून भिंतीला शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा. शेतकऱ्याला जसं इरलं, तसा भिंतीला गिलावा! हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. बाहेरचा मारा तो सोसतो आणि आतली ओल वाफ होऊन निघून जाऊ देतो. मात्र तो पुन्हापुन्हा द्यावा लागतो.

1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने साधूंना घालवलं आणि चुना लावणारे हातच गेले. छताची कमान आपल्या वजनाने दोन्ही भिंतींना सतत बाहेर रेटत असते. चिऱ्यांच्या सांध्यांतला चुना झिजला की हा रेटा पेलणार कोण? 1842 मध्ये छत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा निम्मा भाग. मनोऱ्यातली घंटा तेवढी वाचली. ती आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते.

या पडझडीखाली एक राणीही होती. जॉर्जियाच्या केतेवान राणीला 1624 मध्ये इराणातल्या शिराझला ठार मारलं गेलं. साधूंनी तिच्या अस्थी इथे आणल्या. जुन्या पोर्तुगीज कागदांत जागा सांगितली होती ती एका खिडकीच्या खुणेने, आणि इथे भिंतीच ढासळलेल्या! पुरातत्त्व खात्याने ढिगारा उपसून, मठाचा आराखडा पुन्हा जुळवून ती जागा गाठली. तिथे सापडलेल्या हाताच्या हाडाचा डीएनए हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत तपासला. आईकडून येणारा त्याचा वंशगट, यू1बी, भारतीय नमुन्यांत आढळला नाही; जॉर्जियातल्या लोकांत मात्र सापडला. 2021 मध्ये भारताने त्या अस्थींचा काही भाग जॉर्जियाच्या स्वाधीन केला.