मुदत अठ्ठेचाळीस तासांची: १९१४चे युद्ध आणि निजामाचे राज्य

सारायेव्होत २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड आणि त्याची पत्नी सोफी यांचा खून झाला आणि महायुद्ध पेटले, असे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेले असते. खून आणि ब्रिटनची युद्धघोषणा यांत सदतीस दिवसांचे अंतर होते. त्यातले पहिले पंचवीस दिवस वरवर शांततेत गेले. उरलेल्या बारा दिवसांत सगळे संपले.

शांततेची कारणे अगदी व्यवहारी होती. खुनामागे सर्बियाचा हात आहे, असे ऑस्ट्रियाचे म्हणणे होते. ५ आणि ६ जुलैला बर्लिनने (जर्मनीने) व्हिएन्नाला (ऑस्ट्रियाला) बिनशर्त पाठिंबा दिला, पण ऑस्ट्रियाच्याच साम्राज्यातल्या हंगेरीचा पंतप्रधान टिसा १४ जुलैपर्यंत युद्धाला तयार नव्हता. बरेच ऑस्ट्रियन सैनिक सुगीच्या रजेवर गावी गेले होते. शिवाय फ्रान्सचे अध्यक्ष प्वांकारे २० ते २३ जुलै रशियात होते. ते रशियाच्या झारच्या (सम्राटाच्या) शेजारी बसलेले असताना निर्वाणीचा खलिता द्यायचा नाही, असे व्हिएन्नाने ठरवले. फ्रान्स आणि रशिया हे मित्र एकमेकांशी सहज बोलू शकणार नाहीत, अशी वेळ मुद्दाम साधली गेली. प्वांकारे जहाजात बसण्याच्या सुमारास, २३ जुलैला संध्याकाळी सहा वाजता, खलिता सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडला पोहोचला. मागण्या दहा, मुदत ४८ तास.

सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य केल्या किंवा वळसे घेऊन मान्य केल्यासारखे दाखवले. ऑस्ट्रियन अधिकारी सर्बियाच्या हद्दीत तपासात भाग घेतील, ही सहावी मागणी मात्र साफ नाकारली. पंतप्रधान पाशिच यांनी २५ जुलैला मुदत संपता संपता उत्तर हातात दिले आणि अर्ध्या तासात ऑस्ट्रियाचा राजदूत गीझल गाडीत बसला. उत्तर वाचून निर्णय घ्यायचाच नव्हता, हे यावरून उघड आहे. खुद्द कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, ते उत्तर वाचले २८ जुलैला. 'युद्धाचे कारणच उरले नाही,' असा त्याचा शेरा होता. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने युद्ध जाहीर केले.

राष्ट्रे करारांनी बांधली गेली होती म्हणून युद्ध अटळ होते, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. इटली १८८२पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गोटात होता, तरी १९१४मध्ये तटस्थ राहिला आणि १९१५मध्ये उलट बाजूने लढला. करार मोडता येत होते. आणि मुत्सद्देगिरीही चालत होती: बाल्कन युद्धांच्या वेळी, १९१२-१३मध्ये, ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ग्रे यांच्या अध्यक्षतेखाली लंडनला राजदूतांची परिषद महिनोन्‌महिने चालली आणि मोठी सत्ता एकही रणात उतरली नाही. ग्रे यांनी २६ जुलै १९१४ला ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, इटली अशा चौघांच्या परिषदेचा प्रस्ताव पुन्हा मांडला. दुसऱ्याच दिवशी जर्मनीने तो फेटाळला. आधीच्या वेळी बर्लिनने ऑस्ट्रियाला आवरले होते. या वेळी तेच बर्लिन घाई करा म्हणत होते.

यानंतर सूत्रे सेनापतींच्या हाती, खरे तर रेल्वेच्या वेळापत्रकांच्या हाती गेली. सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियाची सैन्याची जमवाजमव संथ, म्हणून ती लवकर सुरू करायला हवी. जर्मनीची योजना अशी की सुमारे सहा आठवड्यांत बेल्जियममार्गे फ्रान्सला हरवायचे आणि मग पूर्वेला वळायचे. म्हणजे रशियाने सैन्य गोळा करायला घेतले की जर्मनीचा एकेक दिवस वाया जाणार. झारने २९ जुलैला सर्वंकष जमवाजमवीचा हुकूम देऊन रात्री मागे घेतला. फक्त ऑस्ट्रियापुरती जमवाजमव केली तर पुढची सगळी व्यवस्था कोलमडेल, असे अधिकारी सांगत होते. ३० तारखेला हुकूम पुन्हा निघाला. जर्मनीने रशियाला बारा तासांची मुदत दिली आणि १ ऑगस्टला युद्ध पुकारले. त्याच दिवशी कैसरने सैन्य फक्त पूर्वेकडे पाठवायचे सुचवले, तेव्हा सेनाप्रमुख मोल्टके यांनी ते अशक्य असल्याचे सांगितले. ४ ऑगस्टला सैन्य बेल्जियममध्ये घुसले आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या १८३९च्या कराराचा हवाला देऊन ब्रिटन उतरला.

ब्रिटनबरोबर हिंदुस्थानही युद्धात ओढला गेला; कुणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. मराठवाड्याचे पाच जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तिथला खरा पेच नोव्हेंबरात आला. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरला आणि खलिफाच्या, म्हणजे मुसलमानांचा धर्मप्रमुख मानल्या गेलेल्या तुर्की सुलतानाच्या, वतीने जिहाद पुकारला गेला. १९११मध्ये गादीवर आलेले निजाम मीर उस्मान अली खान यांनी जाहीरनामा काढून मुसलमानांना ब्रिटिशांशी एकनिष्ठ राहायला सांगितले. सरकारला पैशाइतकीच या शब्दाचीही गरज होती. निजामाचे घोडदळ, हैदराबाद लान्सर्स, इजिप्तला गेले, सुएझ कालव्यावर आणि पुढे पॅलेस्टाइनमध्ये लढले.

दुसरा धागा जुन्या हैदराबाद कंटिन्जंटचा, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या, ब्रिटिश अधिकाऱ्यांखालच्या फौजेचा. औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, ही तिची ठाणी. १९०३मध्ये ती फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्यातून आलेली २०वी डेक्कन हॉर्स ही घोडदळाची पलटण १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडजवळ भाले घेऊन मशीनगनच्या माऱ्यात घुसली.

या कंटिन्जंटच्या खर्चापोटीच १८५३मध्ये वऱ्हाड निजामाच्या हातून गेला होता. युद्धातल्या मदतीबद्दल १९१८मध्ये निजामाला 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' ही पदवी मिळाली. १९२३मध्ये त्यांनी वऱ्हाड परत मागितला. व्हाइसरॉय रीडिंग यांनी मार्च १९२६च्या पत्रात नकार तर दिलाच, शिवाय ब्रिटिश सत्तेशी बरोबरीने वाटाघाटी करण्याचा हक्क कोणत्याही संस्थानिकाला नाही, असेही लिहून कळवले.